मढ्याला हात कोणी लावायचा? परवाना, प्रतिष्ठा आणि जात

अमेरिकेत मृतदेहात रसायने भरून तो टिकवणाऱ्या माणसाला एम्बाल्मर म्हणतात आणि अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणाऱ्याला फ्युनरल डायरेक्टर म्हणतात. वकिली किंवा नर्सिंगप्रमाणे ही दोन्ही कामे तिथे परवान्याची आहेत. त्यासाठी कॉलेजात शिकावे लागते. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि कायदा हे विषय असतात. परीक्षा द्यावी लागते आणि बहुतेक राज्यांत परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. काम चुकले, फसवणूक केली किंवा मृतदेहाची विटंबना केली, तर राज्याचे मंडळ परवाना काढून घेते.

आता आपल्याकडे बघा. शवागारात प्रेत उचलणारा, शवविच्छेदनाच्या टेबलावर डॉक्टरच्या आधी कवटी उघडणारा, बेवारस मृतदेह गाडीत घालणारा, स्मशानात रात्रपाळी करणारा माणूस कोण असतो? त्याला प्रशिक्षण कोणते? त्याच्या कामाची पदवी कोणती? त्याचे आडनाव विचारा, त्याची वस्ती विचारा, उत्तर मिळेल. आपल्याकडे या कामाला परवाना देणारे मंडळ नाही, कारण त्याचा परवाना जन्मतःच दिला गेला आहे. त्या परवान्याचे नाव जात.

काम एकच आहे. मग एका देशात ते व्यवसाय झाले आणि दुसऱ्या देशात विटाळ झाला, असे का? मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

युद्धातून जन्मलेला धंदा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतही मयताची तयारी घरीच होत असे. घरातल्या आणि शेजारच्या बायका प्रेताला आंघोळ घालत, कपडे चढवत. सुतार शवपेटी करून देई. हे कोणाचे खास काम नव्हते.

१८६१ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले. उत्तरेची तरुण पोरे शेकडो मैल दूर दक्षिणेत मरू लागली. आईबापांना मुलाचे तोंड शेवटचे पाहायचे होते. मे १८६१ मध्ये लिंकनचा तरुण मित्र कर्नल एल्मर एल्सवर्थ मारला गेला. डॉ. थॉमस होम्स यांनी त्याचे शरीर रसायनांनी टिकवले आणि ते लोकांना दर्शनासाठी ठेवता आले. इथून या धंद्याला मागणी आली. पुढे होम्स एका देहामागे १०० डॉलर घेत आणि आपण चार हजारांवर देह टिकवल्याचे सांगत. एप्रिल १८६५ मध्ये खुद्द लिंकनचा खून झाला. त्याचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डला नेला गेला आणि वाटेतल्या शहरांत लाखो लोकांनी तो पाहिला. एम्बाल्मिंग म्हणजे काय हे सगळ्या देशाला तेव्हा कळले.

पण धंदा आला तशी लूटही आली. रणांगणाच्या कडेला तंबू ठोकून बसलेले काही एम्बाल्मर परस्पर प्रेत ताब्यात घेत आणि पैसे येईपर्यंत घरच्यांना देत नसत. तक्रारी वाढल्या. मार्च १८६५ मध्ये लष्कराने हुकूम काढला की, ज्याची लायकी तपासली आहे आणि ज्याला परवाना दिला आहे, त्यानेच हे काम करावे आणि ठरलेल्या दरात करावे. या परवान्याचे मूळ कोणत्याही शास्त्रात किंवा पोथीत नाही. लुबाडल्या गेलेल्या आईबापांच्या तक्रारीतून तो आला.

१८८२ मध्ये फ्युनरल डायरेक्टरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८९४ मध्ये व्हर्जिनियाने एम्बाल्मिंगसाठी परवान्याचा कायदा केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. पुढच्या काही दशकांत इतर राज्यांनी तोच रस्ता धरला. ज्या कामाला कालपर्यंत नाव नव्हते त्याला शाळा, परीक्षा, संघटना, दर आणि प्रतिष्ठा मिळाली. प्रेताला हात लावणारा माणूस गावातला मानाचा माणूस झाला.

मढ्यावरचे कापड

हाच काळ आपल्याकडे बघा. १८७४ मध्ये इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला आणि महाराचे वतन कायद्याच्या चौकटीत पक्के बसवले. वतनदार महाराची कामे कोणती? मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात परगावी जायचे. सरणाची लाकडे वाहायची. मेलेले ढोर ओढायचे. बदल्यात काय? शिळी भाकर, बलुते आणि मढ्यावरचे कापड. या मढ्यावरच्या कापडाला आपल्या पूर्वजांचा ‘हक्क’ म्हटले गेले! हक्क या शब्दाची इतकी क्रूर थट्टा जगात दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

ही थट्टा कुठून आली? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी जे नियम सांगितले आहेत ते वाचा. त्यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, ज्यांना नातेवाईक नाहीत अशांची प्रेते वाहावीत. यालाही एक प्रकारची नियमावलीच म्हणावे लागेल. फरक एवढाच की, यात शिक्षण नाही, परीक्षा नाही, ठरलेला दर नाही आणि राजीनामा द्यायची सोय नाही. अमेरिकन परवाना म्हणतो, लायकी नसेल तर हे काम करू नकोस. मनूचा परवाना म्हणतो, तू हेच काम करायचे आणि म्हणूनच तू नालायक. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, तेव्हा हा परवानाही जळाला, हे विसरू नका.

बाबासाहेब प्रतीकावर थांबले नाहीत. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. आपल्याच लोकांपैकी काहींना वतनाची जमीन आणि बलुते सुटेल याची भीती वाटत होती. तरी बाबासाहेब आयुष्यभर या प्रश्नाशी झगडले. कारण चोवीस तास राबवून घेणारी आणि मोबदला गावाच्या मर्जीवर ठेवणारी ही पद्धत नोकरी नव्हती, गुलामी होती. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

जातिव्यवस्था म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा सिद्धांत पाहायचा असेल तर स्मशानात जा. काशीच्या घाटावर चितेचा अग्नी पिढ्यान्‌पिढ्या डोम समाजाच्या हातून घेतला जातो. ज्याच्या अग्नीशिवाय मोक्ष मिळत नाही, त्याची सावली मात्र चालत नाही. महाराष्ट्रात मसणजोगी नावाची एक भटकी जमातच स्मशानाच्या नावाने ओळखली जाते. कामाला प्रतिष्ठा नाही म्हणून माणसाला नाही, असे समजू नका. माणसाला प्रतिष्ठा द्यायची नव्हती, म्हणून हे काम त्याच्या गळ्यात बांधले गेले.

बुद्धाने मात्र याच वस्त्राचा अर्थ उलटा केला. सुरुवातीचे भिक्खू पांसुकूल चीवर वापरत, म्हणजे उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्या धुऊन शिवलेले वस्त्र. मनूने जे वस्त्र लाज म्हणून नेसवले, ते संघाने सन्मानाने अंगावर घेतले. विटाळ कापडात नसतो, कापडाकडे बघणाऱ्या डोक्यात असतो, हे धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी सिद्ध केले.

काळ्यांच्या हातातला धंदा

अमेरिकेतही सगळे आलबेल होते असे नाही. तिथे जातीच्या जागी वंश होता. गुलामांच्या अंत्यविधीवर मालकांची नजर असे, कारण चार गुलाम एकत्र जमले की बंडाची भीती. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरचे बंड झाल्यावर तर काळ्या उपदेशकांनी सभा घेण्यावरच बंदी आली. गुलामगिरी संपल्यावरही गोरे अंत्यविधीवाले काळ्यांचे प्रेत घेत नसत, किंवा घेतले तर मागच्या दाराने. त्यांच्या संघटनांची दारेही काळ्या व्यावसायिकांना बंद होती.

मग काळ्या समाजाने काय केले? हे काम स्वतःच्या हातात घेतले. महिन्याला थोडे थोडे पैसे जमवणाऱ्या मर्तिक मंडळ्या काढल्या, शिकून परवाने मिळवले, स्वतःच्या संघटना उभ्या केल्या. अलाबामातील बर्मिंगहॅमचे ए. जी. गॅस्टन हे गुलामांचे नातू. त्यांनी १९२३ च्या सुमारास अशी एक मंडळी काढली आणि तिच्यातून अंत्यविधीचा व्यवसाय, विमा कंपनी, बँक आणि मोटेल उभे केले. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या लढ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचे मुख्यालय याच मोटेलमध्ये होते आणि त्याच वर्षी त्यावर बॉम्ब टाकला गेला.

हे का शक्य झाले? काळ्या शिक्षकाचा पगार गोऱ्या सरकारकडून यायचा. काळ्या शेतमजुराचे पोट गोऱ्या जमीनदारावर होते. पण काळ्या फ्युनरल डायरेक्टरचे गिऱ्हाईक काळे होते. गोऱ्याने डोळे वटारले तरी त्याची चूल विझत नव्हती. म्हणून तो चळवळीला पैसा देऊ शकला, जामीन देऊ शकला, आपली गाडी देऊ शकला. शववाहिकेतून कार्यकर्त्यांना गुपचूप सुरक्षित जागी नेल्याचे प्रसंग त्या लढ्यात घडले आहेत. आर्थिक स्वावलंबनाशिवाय राजकीय धैर्य टिकत नाही, हे बाबासाहेब आपल्याला सांगत होते. मेलेल्यांची सेवा करणाऱ्या या माणसांनी ते करून दाखवले.

एमेट टिल : एकाच देहाचे साक्षीदार

परवानाधारकाची जबाबदारी म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर १९५५ च्या मिसिसिपीत जावे लागेल.

एमेट टिल हा शिकागोचा १४ वर्षांचा काळा मुलगा सुट्टीत नातेवाइकांकडे मिसिसिपीतील मनी या गावी आला होता. गोऱ्या बाईची छेड काढली असा आरोप ठेवून २८ ऑगस्टला त्याला घरातून ओढून नेले, हालहाल करून मारले आणि देह नदीत टाकला. ३१ ऑगस्टला देह सापडला. शेरीफला घाई होती की, इथेच ताबडतोब पुरून टाका. खड्डासुद्धा खणला जात होता. एमेटची आई मेमी हिने शिकागोहून जोर लावला आणि देह परत मागितला. पेटी उघडायची नाही या अटीवर तो पाठवला गेला.

शिकागोत तो ए. ए. रेनर या काळ्या फ्युनरल डायरेक्टरकडे आला. अधिकाऱ्यांनी पेटी सीलबंद राहील असे वचन घेतले होते. आईने सांगितले, पेटी उघडा. रेनर यांच्यापुढे प्रश्न होता की आपली बांधिलकी कोणाशी, मिसिसिपीच्या सत्तेशी की मेलेल्या मुलाच्या आईशी? त्यांनी पेटी उघडली. आईने सांगितले की, चेहरा गोजिरा करू नका, जगाला बघू द्या. हजारो लोकांनी तो चेहरा पाहिला, ‘जेट’ साप्ताहिकाने छायाचित्र छापले आणि अमेरिका हादरली. त्याच वर्षी १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडायला नकार दिला.

आता न्यायालयात काय झाले ते पाहा. ज्या काळ्या अंत्यविधीवाल्याला नदीकाठी देह उचलायला बोलावले होते, त्या चेस्टर मिलर यांनी सरकार पक्षाकडून साक्ष दिली. देहाच्या बोटात अंगठी होती हे त्यांनी सांगितले. ती एमेटच्या बापाच्या नावाची आद्याक्षरे असलेली अंगठी होती. मिसिसिपीत अशी साक्ष देणे म्हणजे जिवाशी खेळ होता. दुसरीकडे, मिसिसिपीत देहावर प्रक्रिया करणारा गोरा एम्बाल्मर बचाव पक्षाकडून उभा राहिला. देह इतका कुजलेला होता की तो बराच आधी पाण्यात पडला असावा, असे सुचवणारी साक्ष त्याने दिली. म्हणजे हा देह एमेटचा नव्हेच, असा बचाव उभा राहिला. सगळ्या गोऱ्या ज्युरीने तासाभरात आरोपींना सोडून दिले. काही महिन्यांत त्याच आरोपींनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली.

मित्रांनो, यातून धडा घ्या. देह एकच होता आणि व्यवसायही एकच होता. एकाचे ज्ञान सत्यासाठी उभे राहिले, दुसऱ्याचे सत्तेसाठी. प्रेताला हात लावणारा माणूस गुन्ह्याचा पहिला साक्षीदार असतो. तो कोणाच्या दबावाखाली आहे, त्याला कायद्याचे संरक्षण आहे की नाही, त्याची नोंद ग्राह्य धरली जाते की नाही, यावर न्याय ठरतो.

खैरलांजी आणि हाथरस

२९ सप्टेंबर २००६. खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि देह कालव्यात टाकले गेले. पहिल्या शवविच्छेदनावर इतके प्रश्न उठले की पुरलेले देह उकरून दुसऱ्यांदा तपासणी करावी लागली. तोवर देह कुजले होते. बलात्काराचा गुन्हा खटल्यात उभाच राहिला नाही. पुरावा मेलेल्यांच्या अंगावर होता, पण तो वेळेत, नीट आणि निर्भयपणे नोंदवला गेला नाही.

२९ सप्टेंबर २०२०. हाथरसच्या दलित मुलीचा दिल्लीत मृत्यू झाला. त्याच रात्री तिचा देह गावी नेऊन पोलिसांनी कुटुंबाला न देता जाळून टाकला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा अधिकार असल्याचे बजावले. मिसिसिपीचा शेरीफ देह पुरायची घाई करत होता. इथे देह जाळायची घाई झाली. पीडितांच्या देहाची जुलमी सत्तेला सगळीकडे अशीच भीती वाटते.

जिवंतपणी रस्ता नाही आणि मेल्यावरही नाही. २०१९ मध्ये तमिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यात दलिताचे प्रेत पुलावरून दोरखंडाने खाली सोडावे लागले, कारण स्मशानाकडे जाणारी वाट सवर्णांच्या शेतातून होती.

परवाना हे रामबाण औषध नाही

कोणी म्हणेल, मग आणा अमेरिकेसारखा परवाना, झाले काम. इतके सोपे नाही. परवान्याने तिथल्या बायकांचे परंपरागत काम पुरुषांच्या धंद्यात गेले. लुइझियानात तर मठातले भिक्षू साध्या लाकडी शवपेट्या विकतात म्हणून परवाना मंडळाने त्यांना अडवले. त्या मंडळावर बहुसंख्य लोक धंद्यातलेच होते. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने भिक्षूंच्या बाजूने निकाल दिला. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड यांनी पुस्तक लिहून या धंद्याची नफेखोरी उघडी केली. शेवटी १९८४ पासून केंद्रीय नियम लागू झाला की, प्रत्येक सेवेचा दर वेगवेगळा लिहून द्या आणि एम्बाल्मिंग कायद्याने सक्तीचे आहे असे खोटे सांगू नका.

पण परवाना नसला तर काय होते तेही बघा. कोलोरॅडो राज्याने १९८३ मध्ये परवान्याची अट काढून टाकली. २०२३ मध्ये तिथे एका इमारतीत सुमारे १९० कुजलेले देह सापडले. कुटुंबांना राख म्हणून भलतेच काही दिले होते. २०२४ मध्ये राज्याने पुन्हा परवान्याचा कायदा केला. एमेट टिल ज्या बर ओक दफनभूमीत विसावला, तिथे २००९ मध्ये जुन्या कबरी उकरून जागा पुन्हा विकल्याचे उघड झाले. ती काळ्या लोकांची दफनभूमी होती. त्यानंतर इलिनॉयने दफनभूमींवर देखरेखीचा कायदा केला.

म्हणजे परवाना कोण देतो, मंडळावर कोण बसतो आणि परवाना कोणाचे रक्षण करतो, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. ते न विचारता आणलेला परवाना उद्या आपल्याच माणसाला कामावरून काढायला वापरला जाईल. पिढ्यान्‌पिढ्या प्रेते उचलली आपल्या बापाने, आणि कामाला पगार व खुर्ची आली की प्रमाणपत्र घेऊन दुसराच हजर, असे होऊ द्यायचे नाही.

मग मागणी काय?

आपल्याकडे पाया तयार आहे. मृतदेहालाही सन्मानाचा अधिकार आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या परमानंद कटारा प्रकरणात मान्य केले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मानवी किंवा जनावराचे प्रेत वाहायला किंवा कबर खणायला लावणे हा गुन्हा ठरला. स्मशान वापरायला अडवणे हाही गुन्हा ठरला. हे किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? किती गुन्हे या कलमाखाली नोंदवायला आपण पोलिसांना भाग पाडले?

मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मृतांच्या सन्मानासाठी सूचना काढल्या आणि स्मशानातील कामगारांची सुरक्षा व मोबदला यांचाही उल्लेख केला. सूचना कागदावर राहतात. फॉर्मल्डिहाइड या ज्या रसायनाने देह टिकवतात, ते कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. अमेरिकेत कामाच्या जागी हवेत ते किती असावे याला कायद्याने मर्यादा आहे. आपल्या शवागारातल्या कंत्राटी कामगाराला साधा धड मास्क तरी मिळतो का, हे तुमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन विचारा.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवा. शवागार आणि स्मशानातील कामे कंत्राटदाराच्या ताब्यातून काढून कायम पदांवर आणा. या कामाचा सरकारी अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र सुरू करा. आज जे काम करत आहेत त्यांना अनुभवाच्या आधारे पहिले प्रमाणपत्र द्या, त्यांच्या मुलांना मात्र याच कामात अडकवू नका. भरती सर्व जातींसाठी खुली ठेवा आणि ती खरोखर सर्व जातींतून होते का, याची आकडेवारी जाहीर करा. मृतदेह हाताळणाऱ्या प्रत्येकाला आपण काय पाहिले ते लिहून ठेवण्याचा अधिकार आणि त्यासाठी संरक्षण द्या. शवविच्छेदनाचे चित्रीकरण आणि कुटुंबाची संमती हा नियम व्हावा, अपवाद नव्हे.

२०१६ मध्ये उनाला मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना मारहाण झाली, तेव्हा गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायला नकार दिला. तो नकार महाडच्या परंपरेतला होता. पण नकार हे पहिले पाऊल आहे. दुसरे पाऊल म्हणजे कोणतेही काम कोणाच्या जन्माला चिकटू न देणे. मेलेल्या माणसाची शेवटची सेवा हे घाणेरडे काम नाही. घाणेरडी आहे ती जबरदस्ती, आणि तिच्यावर लावलेला जातीचा शिक्का.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. विमानाने त्यांचा देह मुंबईत आला, ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि लाखोंचा जनसागर तिथे उभा होता. ज्यांना मढ्यावरच्या कापडाचे धनी म्हणून हिणवले गेले, त्यांनी आपल्या बापाला राजासारखा निरोप दिला. आज चैत्यभूमीवर जाणाऱ्या प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे की, हाच सन्मान रात्री अडीच वाजता शवागारात एकट्याने काम करणाऱ्या आपल्या भावाला आणि त्याच्या टेबलावरच्या बेवारस देहालाही मिळाला पाहिजे. तोवर लढाई संपलेली नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!